सीमाभागातील मुले आणि उन्हाळ्यातील विज्ञानशाळा

मे महिना म्हणजे शाळेला कुलूप, असा आपल्याकडील रूढ समज आहे. निपाणीच्या बाजूस या महिन्यात काही मुले आजोळी जातात, काही शेतात राबतात, तर काही घरी आईच्या बिड्या वळण्याच्या सुपाशी बसतात. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, अर्थात इस्रोने, 2019 साली याच महिन्यात नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ हा उपक्रम सुरू केला. निवडलेल्या विद्यार्थ्यांस सुमारे दोन आठवडे बंगळूर, थिरुवनंतपुरम, अहमदाबाद यांसारख्या ठिकाणच्या केंद्रांत ठेवून घ्यावयाचे, शास्त्रज्ञांशी त्यांची गाठ घालून द्यावयाची, प्रयोगशाळा दाखवावयाच्या आणि स्वतःच्या हाताने काही करावयास लावावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. प्रवास, निवास व भोजन यांचा खर्च संस्थाच सोसते. करोनाच्या साथीमुळे 2020 व 2021 साली त्यात खंड पडला. 2022 पासून तो पुन्हा सुरू झाला.

पहिल्या वर्षी प्रत्येक राज्यास अवघ्या तीन जागा होत्या. पुढे जागा वाढल्या, तरी निवड कठीणच राहिली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव-निपाणीचा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून येथील मराठी शाळांतील मुले त्या राज्याचा अभ्यासक्रम मराठीतून शिकत आली आहेत. म्हणून या निवडीत त्यांची चढाओढ चाळीस किलोमीटरांवरील कोल्हापूरच्या मुलांशी नसून बंगळूर-म्हैसूरच्या मुलांशी असते. बिडीकामगाराच्या मुलीने तेथे कसे टिकावे, असे कोणी म्हणेल. परंतु निवडीचे नियम नीट वाचले असता निराश होण्याचे कारण दिसत नाही. आठवीचे गुण व संगणकावरील प्रश्नमंजूषा यांबरोबरच विज्ञानप्रदर्शनातील सहभाग, खेळ, स्काउट-गाइड यांनाही तेथे मोल आहे; आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीतील शाळेत शिकणाऱ्यास वेगळे गुण मिळतात. निपाणी शहरातील शाळेस हा लाभ नाही. भोवतालच्या खेड्यांतील शाळांस आहे.

विज्ञानप्रदर्शनाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. थर्मोकोलचा ज्वालामुखी वर्षानुवर्षे तोच असतो, आणि पुष्कळदा तो वडिलांनी केलेला असतो! वास्तविक बेळगाव जिल्ह्याएवढी समृद्ध प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. याच जिल्ह्यात खानापूरला पावसाची झड थांबता थांबत नाही आणि अथणीचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. सह्याद्रीकडून पूर्वेस सरकताना पाऊस का व किती घटतो, हे दोन-तीन गावच्या शाळांनी मिळून मोजावे. सरळ बाजूंचा डबा, एक पट्टी आणि रोज ठराविक वेळी नोंद करण्याची शिस्त, एवढेच भांडवल त्यास लागते. पुढे तीच नोंद उपग्रहाने टिपलेल्या ढगांच्या चित्रांशी ताडून पाहता येईल. निपाणीचा तंबाखू वाळताना पानाचा रंग का पालटतो, हा प्रश्नही काही लहान नाही.

भाषेची अडचण आहे, पण तिचा बाऊ करू नये. मराठीतला ‘उपग्रह’ कन्नडमध्येही उपग्रहच असतो. ‘गुरुत्वाकर्षण’ तेथे केवळ शेवटच्या अक्षरात बदलते. आपण ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘द्युतिसंश्लेषणे’ म्हणतात. शिक्षकाने फळ्यावर मराठी, कन्नड व इंग्रजी असे तीन शब्द शेजारी शेजारी लिहिले, तर वर्षअखेर मुलाजवळ तीन भाषांची शिदोरी जमते. थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालकपद भूषविलेले डॉ. वसंत गोवारीकर यांचे शिक्षण कोल्हापुरातच झाले होते.

खरी गळती होते ती निवडीच्याही आधी. उपक्रमाची वार्ता शाळेपर्यंत पोहोचतच नाही, अथवा पोहोचते तेव्हा वार्षिक परीक्षेची धांदल चालू असते. आईबापांस संगणकावरील अर्ज भरता येत नाही, आणि मुलीस इतक्या दूर धाडावयास त्यांचे मन धजत नाही. त्यांच्या घरी जाऊन सोबत कोण, राहणे कोठे, हे समजावून सांगणे हे शिक्षकाचेच काम होय. अर्जास मुख्याध्यापकांच्या सहीचे दाखले लागतात. ते आठवीचा निकाल लागताच तयार करून ठेवता येतात.