नाताळचीं फुलें आणि त्यांचें पंचांग

इंग्लंडांत बकिंगहॅमशर परगण्यांत क्वेन्टन नांवाचें एक लहानसें खेडें आहे. सन १७५२ च्या २४ डिसेंबरच्या रात्रीं दोन हजारांवर माणसें हातांत कंदील व मेणबत्त्या घेऊन या खेड्याकडे लोटलीं. कोणा थोर पुरुषाचें दर्शन त्यांना घ्यावयाचें नव्हतें, कीं कोठें जत्राही भरली नव्हती. गांवाजवळ एक कांटेरी झाड होतें. त्याला कळी आली आहे कीं नाहीं, एवढेंच त्यांना पाहावयाचें होतें.

त्या वर्षीं ब्रिटिश सरकारनें जुनें जूलियन पंचांग सोडून युरोपांतील पुष्कळ देशांत चालू असलेलें ग्रेगोरियन पंचांग स्वीकारलें होतें. सप्टेंबरची २ तारीख, बुधवार, मावळली आणि दुसऱ्या दिवशीं उजाडला तो १४ सप्टेंबरचा गुरुवार. मधले अकरा दिवस कायद्यानें नाहींसे केले. देण्याघेण्याचा हिशेब कसाबसा बसवितां आला. पण नाताळचें काय? ज्या दिवशीं येशूचा जन्म झाला, तो दिवस पार्लमेंटच्या ठरावानें अकरा घरें अलीकडे सरकतो काय? सणाची तिथि कोणत्या पंचांगाची धरावी, हा वाद महाराष्ट्रांतील श्रोत्यांना नवा नाहीं. मात्र येथें तो ज्योतिषांकडे जातो. क्वेन्टनच्या लोकांनीं तो झाडाकडे नेला.

झाडाकडे नेण्याला कारण होतें. सॉमरसेट परगण्यांत ग्लास्टनबरी येथें एक आख्यायिका सांगतात. येशूचें शव आपल्या थडग्यांत ठेवणारा अरिमथाईचा योसेफ पुढें इंग्लंडांत आला. थकून एका टेंकडीवर बसतांना त्यानें हातांतली काठी जमिनींत रोंवली, आणि त्या काठीला पालवी फुटून तिचें झाड झालें. तें दर नाताळला फुलतें, अशी लोकांची श्रद्धा. योसेफाच्या या प्रवासाला इतिहासांत आधार नाहीं. पण भर हिंवाळ्यांत फुलणारें झाड मात्र खरें आहे. क्वेन्टनचें झाड त्याच वंशांतलें, असें तेथील लोक मानीत.

त्या रात्रीं झाडावर कळीचा मागमूसही नव्हता. नवा नाताळ खोटा, असा निवाडा तेथल्या तेथें झाला. दुसऱ्या दिवशीं लोक प्रार्थनेला गेले नाहींत. आप्तेष्टांना जेवूं घालण्याचा रिवाजही त्यांनीं पाळला नाहीं. प्रकरण इतकें चिघळलें कीं, जुन्या नाताळचा दिवसही पवित्र मानला जाईल, असें आसपासच्या धर्मोपदेशकांना जाहीर करावें लागलें. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकानें १७५३ सालीं ही हकीकत छापली. ग्लास्टनबरीचें मूळ झाडही नव्या तारखेला फुललें नाहीं, व ५ जानेवारीला, म्हणजे जुन्या हिशेबाच्या नाताळला, तें नेहमींप्रमाणें फुललें, अशी बातमी त्यांत होती.

या झाडाची जात हॉथॉर्नची. सामान्य हॉथॉर्न मे महिन्यांत फुलतो. इंग्रज त्याच्या फुलोऱ्याला त्या महिन्याचेंच नांव देतात. ग्लास्टनबरीचा प्रकार वर्षांतून दोनदां, एकदां वसंतांत व एकदां हिंवाळ्यांत, फुलतो. हा गुण बियांतून उतरत नाहीं. म्हणून कलम करूनच त्याचा वंश राखावा लागतो. हिंवाळ्यांतला बहर हवेवर अवलंबून असतो. हवा उबदार असली तर आधीं, थंडी कडक पडली तर मागाहून. तेव्हां त्या झाडाची साक्ष कोणत्याच पंचांगाच्या उपयोगाची नव्हती, आणि सूर्याचा हिशेब तर नव्या पंचांगाच्याच बाजूचा होता. तरीही त्या शेतकऱ्यांना हंसणें उचित नव्हे. कोणत्या झाडाला कळी आली म्हणजे काय पेरावें, हें ज्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक, त्यांनीं सरकारी कागदापेक्षां फांदीवर अधिक विश्वास ठेवला, यांत नवल तें काय?

ग्लास्टनबरीच्या झाडानें याहून कठीण प्रसंगही पाहिले. सतराव्या शतकांतील यादवी युद्धाच्या काळांत तें अंधश्रद्धेचें चिन्ह म्हणून तोडण्यांत आलें, असें सांगतात. १६४७ सालीं पार्लमेंटनें नाताळचा सणच बंद केला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे झाडावरचा राग समजतो. कलमांनीं वंश टिकला. टेंकडीवर १९५१ सालीं लावलेल्या झाडाच्या फांद्या २०१० च्या डिसेंबरांत कोणीं तरी रातोरात छाटून टाकल्या. गांवांतल्या सेंट जॉन चर्चच्या आवारांत त्याच जातीचें झाड आहे. तेथली डहाळी नाताळसाठीं राजवाड्यांत पाठविण्याची प्रथा आहे.

जर्मनी व ऑस्ट्रियांत लोक झाडाची वाट पाहात बसत नाहींत. त्याला घरांत आणतात. ४ डिसेंबर हा संत बार्बराचा दिवस. त्या दिवशीं चेरीच्या डहाळ्या तोडून उबदार खोलींत पाण्यांत ठेवावयाच्या. नाताळपर्यंत फुलल्या तर पुढचें वर्ष शुभ, आणि घरांतल्या उपवर मुलीचें लग्न ठरणार! यांतली मेख थंडींत आहे. कांहीं आठवडे गारठा सोसल्याशिवाय चेरीची कळी जागी होत नाहीं. म्हणून थंडी उशिरां आली तर मुलीच्या पदरीं निराशा. फ्रान्सच्या प्रॉव्हान्स प्रांतांत त्याच दिवशीं बशींत गहू भिजत घालतात, व त्याचे अंकुर नाताळच्या मेजावर मांडतात. गोव्यांतही येशूजन्माच्या देखाव्यांतल्या गोठ्याभोंवतीं नाचणीचे हिरवे अंकुर दिसतात. नवरात्राचा घट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना हें दृश्य ओळखीचें वाटेल.

पण वेळ पाळण्यांत सर्वांत काटेकोर झाड मेक्सिकोचें. तेथील नाहुआ लोक त्याला क्वेत्लाशोचित्ल म्हणत. त्याच्या तांबड्या पानांपासून रंग काढीत. स्पॅनिश धर्मोपदेशक आल्यावर तें नाताळच्या मिरवणुकींत शिरलें, आणि त्याला ‘नोचेबुएना’, म्हणजे नाताळची पूर्वरात्र, हेंच नांव पडलें. देवाला वाहावयास जिच्यापाशीं कांहीं नव्हतें, अशा एका गरीब मुलीनें रस्त्याकडेचें तण नेलें व तें वेदीपुढें तांबडें झालें, अशी गोड कथा तेथें सांगतात. महाराष्ट्रांतल्या बागांतून हेंच झाड डिसेंबरांत लाल दिसतें. येथें त्याला पॉइन्सेटिया म्हणतात. हें नांव जोएल पॉइन्सेट या अमेरिकन वकिलाचें. १८२५ ते १८२९ पर्यंत तो मेक्सिकोंत होता. तेथून त्यानें हें झाड स्वदेशीं पाठविलें. मेक्सिकोच्या राजकारणांतील ढवळाढवळीमुळें तेथील सरकारनें त्याला परत बोलावण्याची मागणी केली, आणि पुढें अमेरिकेचा युद्धमंत्री असतांना मूळच्या रहिवाशांना त्यांच्या भूमींतून हुसकण्याचें काम त्याच्या खात्याकडे होतें. फुलाला त्याचें नांव असावें काय, असा प्रश्न आतां अमेरिकेंत विचारला जातो. तो अयोग्य म्हणतां येणार नाहीं.

जें लाल दिसतें तें फूल नव्हे. तीं पानेंच होत. खरीं फुलें मधोमध, पिंवळीं व इवलींशीं. गार्नर व अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं असें दाखविलें कीं, कित्येक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ओळखतात. पॉइन्सेटिया त्यांपैकींच. रात्र पुरेशी लांब झाली, आणि अशा रात्री ओळीनें आठ-दहा आठवडे लाभल्या, म्हणजे तो लाल होतो. म्हणून शीत देशांतले माळी ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळीं त्यावर काळें कापड ओढतात व सकाळीं काढतात. चौदा तासांचा निखळ अंधार त्याला मिळाला पाहिजे. मध्येंच दिवा लागला तर हिशेब बिघडतो. रस्त्याच्या दिव्याखालीं वाढलेल्या झाडाची उजेडाकडची बाजू डिसेंबरांतही हिरवीच राहते, व कुंपणाकडची, अंधारांतली, लाल होऊन जाते.