आडनांवाचा माग

आमच्या घरीं एक जुनी वंशावळ आहे. तिच्यांत सात पिढ्या नोंदलेल्या आहेत. पण नांवें सारीं पुरुषांचीं. पणजीचें माहेर कोणतें, असें मीं एकदां विचारलें, तेव्हां उत्तर देणारें माणूस घरांत एकच निघालें, तें म्हणजे नव्वदी गांठलेली आमची आत्या. ती म्हणाली, “अंबडच्या जोश्यांची लेक ती. माहेरची गंगा, सासरीं आली आणि लक्ष्मी झाली.” एवढी माहितीही आत्याबरोबरच गेली असती.

घराण्याचा शोध म्हटला कीं आपण आडनांव धरून चालूं लागतों. पण आडनांव म्हणजे घराणें नव्हे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालीं आजच्या जालना जिल्ह्यांतील जांब येथें झाला. घराणें ठोसरांचें, वृत्ति कुळकर्णाची. अशा घराण्याची एक शाखा वतनावर राहिली तर कुळकर्णी म्हणविते. दुसरी परगांवीं गेली तर मूळ गांवावरून ओळखली जाते. तिसरी जुनेंच उपनांव सांभाळते. कांहीं पिढ्यांनंतर हीं तीन घरें एकमेकांस ओळखीतही नाहींत. उलट पाटील व देशमुख गांवोगांवीं आहेत. म्हणून ते सारे एका कुळाचे ठरत नाहींत. अंबडकर, परतूरकर, जालनेकर हीं नांवें तर बहुधा गांव सोडल्यावरच मिळतात. अंबडांत राहणाऱ्यास अंबडकर कोण म्हणणार?

यास्तव आडनांवापेक्षां गांव, वतन व कुलदैवत ह्यांचा माग धरावा. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं निर्माण झाला. त्यापूर्वीं त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यांत व परतूरकडील भाग परभणींत होता, आणि १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. म्हणून येथील जुने कागद मोडींत व उर्दूंत सांपडतात. जमिनीच्या फेरफारांत वारसांचीं नांवें मिळतात. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यांच्या नोंदी असतात. २०२३ सालीं अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति शिंदे समिति नेमली गेली; तेव्हांपासून असे कागद केवळ हौसेचा विषय न राहतां अनेक घरांच्या हक्काचा प्रश्न झाले आहेत.

आडनांवांचा हा गुंता आपल्यापुरताच नाहीं. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत सतराव्या शतकांत आलेल्या फ्रेंच शिपायांना टोपणनांवें असत. तीं ‘दी’ ह्या शब्दानें, म्हणजे आपल्या ‘उर्फ’सारखीं, आडनांवास जोडलीं जात; पुढें एक शाखा पहिलें नांव लावी, दुसरी दुसरें. तरी तेथें शोध सुलभ होतो. कारण चर्चच्या विवाहनोंदींत वधूचें माहेरचें आडनांव व सामान्यतः तिच्या आईबापांचींही नांवें लिहिलेलीं असतात. अशा नोंदींच्या बळावर पाद्री तांग्वे ह्यांनीं १८७१ ते १८९० ह्या काळांत सात खंडांचा वंशकोश प्रसिद्ध केला.

आपल्याकडे वधूचें आडनांव बदलत आलें, आणि पुष्कळ घरांत तिचें नांवही. महालयाच्या श्राद्धांत मातामहांच्या पिढ्यांचा उच्चार करणारे आपण, वंशावळींत मात्र त्यांच्या लेकीस जागा देत नाहीं. महाराष्ट्रांत १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत त्यांच्या नांवापुढें प्रथम आईचें नांव येतें. पुढील पिढ्यांची सोय झाली. मागील पिढ्यांची आपणच करावयास हवी.

त्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. घरांतील वडील माणसाजवळ वही घेऊन बसावें आणि प्रत्येक सुनेचें माहेरचें नांव, गांव व कुलदैवत लिहून घ्यावें. हें काम उद्यांवर टाकूं नये. आमच्या वंशावळींत पणजोबांच्या शेजारीं मीं ‘गंगा, अंबड’ असे दोन शब्द लिहिले. आत्यानें ते वाचले, क्षणभर थांबली, आणि आणखी एक नांव सांगितलें: गंगेच्या आईचें.