बुरशी खरवडण्यापूर्वी


केमोथेरपीनंतर घरी जाणाऱ्या रुग्णास आम्ही आहाराची पथ्ये सांगत आलो. घरातील ओल्या भिंतीविषयी मात्र विचारीत नव्हतो. ही आमची उणीव होय. प्रतिकारशक्ती खालावलेल्यास अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू प्राणघातक ठरू शकतात, आणि कोरडी बुरशी खरवडली की ते घरभर पसरतात.

म्हणून आता आम्ही सांगतो : रुग्णास आधी अन्यत्र हलवावे. छताचा पंखा बंद करून, दारावर ०.१५ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावे. ये-जा करण्यापुरती चीर ठेवून तीवर दुसरा पडदा सोडावा. खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. प्लॅस्टिक आत ओढले गेले तर ठीक. बाहेर फुगले तर काम थांबवावे. जुनी साडी टांगून भागत नाही, हे आवर्जून सांगावे लागते.