संपाचा भार कोणावर?



भूगावावरून पौडमार्गे पश्चिमेकडे जाणारा हा रस्ता ज्या मुळशीच्या जलाशयापाशी पोचतो, त्या पाण्याखाली आपल्या जमिनी जाऊ नयेत म्हणून मुळशी पेट्यातील मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह आरंभिला. आणि पुढे लढ्याचे नेते सेनापती बापट यांनी अहिंसेची वाट सोडली तरी, धरणाच्या कामावर जाऊन बसलेल्या त्या स्त्रीपुरुषांनी प्रारंभी एक मर्यादा कसोशीने पाळली होती, की सोसायचे ते आपण सोसायचे. दीक्षान्ताच्या मंगल प्रसंगी संपासारखा विषय काढावा, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु परिचर्याशास्त्राची पदवी घेऊन ज्या व्यवसायात आपण आज पाऊल टाकीत आहात, त्यात हीच मर्यादा सर्वांहून अवघड होऊन बसते, आणि ती प्रसंग आल्यावर नव्हे तर आधी विचारात घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

मुंबईच्या गिरणी कामगाराने १८ जानेवारी १९८२ रोजी माग थांबवला, तेव्हा त्या लढ्याचा शेवट कामगाराच्याच वाताहतीत झाला हे खरे. पण थांबलेल्या मागाचा तोटा निदान ज्याच्याशी भांडण होते त्याच्या खात्यावर पडत होता. रुग्णालयात असे घडत नाही. परिचारिकेने काम थांबवले म्हणजे मंत्रालयातील सचिवाचे काही अडत नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते ती ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातील खाटेवरील त्या बाईची, जिच्यापाशी खाजगी रुग्णालयाची पायरी चढण्याइतका पैसा नाही. ज्याच्याशी तंटा आहे तो सुखरूप, आणि ज्याचा तंट्याशी संबंध नाही त्याच्या अंगावर घाव, ही शुश्रूषेच्या क्षेत्रातील संपाची मूळ नैतिक अडचण आहे.

४ डिसेंबर २०२३ रोजी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस बेमुदत संपावर गेल्या, आणि तो संप ५२ दिवस चालला. गर्भवतीची नोंद ठेवायची, बालकांची वजने घ्यायची, त्यांना ताजा आहार द्यायचा, शाळापूर्व शिक्षण द्यायचे, आणि वर सरकारी खात्यांनी वेळोवेळी लादलेली सर्वेक्षणेही करायची, या सर्वांबद्दल त्या वेळी सेविकेच्या हाती महिना १०,००० रुपये आणि मदतनीस बाईच्या हाती ५,५०० रुपये मानधन पडत होते. निवृत्तिवेतनाचे नावही नव्हते. मागणी न्याय्य होती, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. तरीही मुळशीच्या एखाद्या कातकरी वाडीवरचे, किंवा याच भूगावात उंच इमारती उभारणाऱ्या मजुरांच्या झोपड्यांतले जे तीन वर्षांचे मूल त्या दुपारच्या खिचडीच्या आधाराने वाढते, त्याने कोणाचा अपराध केला होता? हा प्रश्न सेविकांची बाजू घेणाऱ्या आपण आधी विचारला पाहिजे, कारण संप मोडू पाहणारा तो विचारतो तेव्हा मुलाची भूक त्याला केवळ निमित्तापुरती हवी असते.

आणि आता दुसरी बाजू, जी मला अधिक गंभीर वाटते. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या प्रकरणात सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिकही अधिकार नाही, असा निर्वाळा दिला. कायद्यापुरता तो शिरसावंद्य. परंतु नैतिक अधिकाराचा निवाडा संपाच्या दिवसापासून मोजून होत नाही, संपापूर्वी किती अर्ज दप्तरात धूळ खात पडले हेही त्यात पाहावे लागते. २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली येतात असे ठरवले, आणि तरीही दीड वर्ष उलटून गेल्यावर सुरू झालेल्या त्या संपाच्या मागण्यांत ग्रॅच्युइटी होतीच. जिला न्यायालयाने दिलेले सरकारदरबारी पदरात पडत नाही, तिने आणखी कोठे दाद मागायची? २०१८च्या मार्चमध्ये तर राज्य सरकारने याच स्त्रियांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, लागू केला, आणि विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याच महिन्यात त्याला स्थगिती द्यावी लागली. जी सेवा तुरुंगाचा धाक घालण्याइतकी अत्यावश्यक, ती पुरे वेतन देण्याइतकी अत्यावश्यक का नसावी? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने या बाबतीत फार पूर्वीच न्याय्य तत्त्व सांगितले आहे: रुग्णालयासारख्या सेवेत संपावर निर्बंध घालता येतील, पण ज्याने निर्बंध घातले त्याने त्याबदली निःपक्षपाती, त्वरित आणि उभयपक्षी बंधनकारक अशा लवादाची सोय केलीच पाहिजे. आपल्याकडे निर्बंध आहे. लवाद कोठे आहे?

या कोंडीतून वाट काढण्याची बुद्धी विद्वानांपेक्षा त्या सेविकांनीच अधिक दाखवली, असे मी म्हणेन. २०२१च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल सामुदायिकरीत्या परत केले. ज्या ॲपवर रोजची माहिती भरायची ते इंग्रजीत, फोन वारंवार बंद पडणारे, आणि दुरुस्तीचा खर्च पदरचा. तेव्हा त्यांनी माहिती भरणे नाकारले. मुलाच्या ताटाला त्या बहिष्काराने हात लावला नाही. अडचण झाली ती वरिष्ठांच्या तक्त्यांची, म्हणजे ज्यांनी उत्तर द्यायचे त्यांचीच. संपाचा भार योग्य खांद्यावर ठेवण्याचा याहून स्वच्छ नमुना मला ठाऊक नाही.

रुग्णालयात इतकी सोपी वाट नेहमी सापडणार नाही. २०२२च्या मे महिन्यात शासकीय परिचारिका ठेकेदारामार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध बेमुदत संपावर गेल्या, तशी वेळ आपल्यावरही येईल. त्या वेळी पुरेशी मुदत देऊन नोटीस द्या. अतिदक्षता विभाग, प्रसूतिकक्ष आणि अपघात विभाग यांत कोण थांबणार, त्यांची नावे आदल्या दिवशी संघटनेनेच लेखी द्यावीत. प्रशासनाच्या हुकमाची वाट पाहू नये. शिकाऊ मुलींना वॉर्डात उभे करून वेळ निभावण्याची प्रथाही आपल्याला परिचित आहे. रुग्णासमोर उभ्या असलेल्या मुलीला मी दोष देणार नाही; पण जिला अजून शिकवायचे आहे तिच्या हाती पूर्ण वॉर्ड सोपवणे, हे त्या रुग्णाशी केलेले वर्तन संपाइतकेच तपासले गेले पाहिजे, आणि ते तपासण्याचा आग्रह आपण धरावा.

आणि आपल्यापैकी ज्या पुढे अधिसेविका होतील, ज्या संचालनालयात बसतील, त्यांच्याकडे माझे एकच मागणे आहे: हाताखालच्या परिचारिकेचा पहिला अर्ज टेबलावर येईल, तेव्हा तो पुढच्या टेबलाकडे न सरकवता त्याला मुदतीत, लेखी आणि कारणांसह उत्तर द्यावे.