हेल्मेटच्या आत शिरणारी लाट

नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडली, ते दिवस विचुंबे-पनवेलच्या लोकांच्या लक्षात असतील. सुरुंगाचा स्फोट दगडात जिरतो. बॉम्ब मात्र उघड्यावर फुटतो, आणि त्याच्या दाबाची लाट आवाजाहून वेगाने सुटते. अंगावर ओरखडाही न उठता माणसाच्या मेंदूला ती इजा करू शकते.

सैनिकाचं हेल्मेट या लाटेसाठी जन्मलंच नव्हतं. 1915 साली फ्रेंचांनी एड्रियन हे पोलादी हेल्मेट आणलं ते डोक्यावर फुटणाऱ्या तोफगोळ्यांचे तुकडे अडवायला. पुढे केव्हलारसारखे चिवट धागे आले आणि हेल्मेट काही गोळ्याही झेलू लागलं. पण 2020 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने जुनी-नवी हेल्मेटं पुतळ्याच्या डोक्यावर चढवून वरून स्फोटाची लाट सोडली, तेव्हा माथ्यावरचा दाब कमी करण्यात शंभर वर्षांपूर्वीचं एड्रियन आजच्या हेल्मेटपेक्षा सरस ठरलं! त्याच्या माथ्यावरच्या उभ्या पट्टीमुळे लाट बाजूला वळत असावी, असा संशोधकांचा कयास आहे. गोळीपुढे ते टिकणार नाही, हे खरंच. तरीही आकाराला किती महत्त्व आहे, हे त्यातून कळतं.

दुसरी अडचण आतल्या पोकळीची. कडेखालून शिरलेली लाट कवच आणि डोकं यांच्यामध्ये कोंडली की काही ठिकाणी दाब उलट वाढतो. म्हणून आतले पॅड डोक्याला नीट चिकटून बसायला हवेत. चेहरा तर उघडाच असतो. 2010 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी संगणकावर पडताळलं, तेव्हा समोरून येणाऱ्या स्फोटात चेहऱ्यापुढे ढाल असेल तर मेंदूवरचा ताण बराच घटतो, असं दिसलं.

आपल्या गडचिरोलीत 1 मे 2019 रोजी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने 15 पोलीस आणि त्यांचा वाहनचालक यांचा बळी घेतला. गाडीखालून येणाऱ्या अशा स्फोटापुढे हेल्मेट एकटं काय करणार? तिथे गाडीचा तळच मजबूत हवा. पण हेल्मेट निवडताना गोळीइतकीच स्फोटाच्या लाटेचीही चाचणी झाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

स्फोटातून उठून उभा राहिलेला जवान ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. डोकेदुखी, चक्कर, विसर, चिडचिड, झोप उडणं ही लक्षणं नंतरही दिसू शकतात. मेंदू सावरण्याआधी दुसरा धक्का बसला तर धोका वाढतो. तुमच्या घरचा जवान सुट्टीवर आला आणि असं काही जाणवलं, तर स्वभाव बदलला म्हणून सोडून देऊ नका. त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि स्फोट किती जवळ झाला होता हे त्यांना आवर्जून सांगा.