रियाजाचा तास कुणाचा?

(सतार आणि व्हायोलिनच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलींच्या पालकांपुढे नेसरी येथे केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

बायांनो, ताईंनो, आणि दाराशी उभे राहिलेल्या दादांनो, तुम्ही पण आत या. हे बोलणं तुमच्यासाठीही आहे.

मला सतार वाजवता येत नाही. राग-ताल शिकवणाऱ्या बाई इथे बसल्या आहेत, ते काम त्यांचं. मी समाजकार्य शिकलेली, घरोघर जाणारी बाई. मुलींची तयारी कुठे अडते ते बघा, असं बाईंनी मला सांगितलं, म्हणून वर्षभर तुमच्या घरी येत राहिले. चहा प्यायले, चुलीशी बसले. जे दिसलं ते सांगते.

आधी परीक्षा कसली ते सांगते, कारण परवा एका आईने विचारलं, "ही शाळेचीच परीक्षा न्हवं?" नाही. ही अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद प्रथम आणि पूर्ण. अशा सात पायऱ्या, त्यापुढे अलंकार. सुरुवातीला वाजवून दाखवायचं आणि तोंडी उत्तरं द्यायची, प्रवेशिका पूर्णपासून लेखी पेपरही असतो. परीक्षक समोर बसून राग वाजवायला सांगतात, हाताने टाळी देत ताल म्हणायला सांगतात, त्याची दुगून मागतात. आदल्या रात्री जागून हे येत नाही.

सतारीवर बोट आत ओढलं की 'दा', बाहेर ढकललं की 'रा'. एवढंच शिकायला महिने जातात. मग मसीतखानी गत येते. तीनतालाच्या सोळा मात्रा, आणि ही गत उचलायची बाराव्या मात्रेला. म्हणजे मुलीने मनात अकरा मात्रा मोजत थांबायचं आणि बाराव्याला नेमका हात टाकायचा. त्याच वेळी आतून हाक येते, "अगं, दूध ऊतू चाललंय बघ!" झालं. मोजणी मोडली, पुन्हा पहिल्यापासून.

"तशी दोन तास वाजवती की ती," असं मला बऱ्याच घरांत सांगितलं. मी मोजून पाहिलं. पाणी भरायच्या आधी दहा मिनिटं, शाळेतून आल्यावर पंधरा, भाकरी झाल्यावर वीस. मध्ये धाकट्याला सांभाळायचं, पाहुण्यांना पाणी द्यायचं. असे तुकडे जोडून दोन तास भरतात, पण तो दोन तासांचा रियाज नव्हे. त्याच घरात भाऊ दहावीला असला तर दार लोटून घेतात, टीव्ही बंद करतात, "त्याचा अभ्यास चाललाय" म्हणून आपण दबक्या आवाजात बोलतो. मुलीच्या रियाजाला दार का लागत नाही? तो वेळ तिचा आहे असं आपण धरलेलंच नाही. तिचा वेळ घराचा, उरला तर तिचा.

आता हातांचं बोलू. तारेने डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना घट्टा पडतो. तो पडावा लागतो, त्याशिवाय मींड ओढता येत नाही. भांड्यांच्या साबणात अर्धा तास भिजलेलं बोट लगेच तारेवर ठेवलं तर चिरतं. म्हणून आधी रियाज, मग भांडी. हे बाईंनी वहीत लिहून दिलंय, पण वही चुलीपाशी कोण वाचतं? आणि काजू. आपल्याकडे, तिकडे आजऱ्या-चंदगडात, काजूच्या कामाला बायका जातात. टरफलाच्या तेलाने बोटांची कातडी कशी जाते ते इथल्या निम्म्या बायकांनी हात पुढे केले तरी दिसेल. मोसमात आईबरोबर मुलगीही जाते. मजुरी लागते, मला कळतं. पण परीक्षेला बसणारीला त्या महिन्यात सोलणीला बसवू नका एवढं मागते.

कारण परीक्षा कधी येतात बघा. एक एप्रिल-मे महिन्यांत, दुसरी नोव्हेंबर-डिसेंबरात. एप्रिल-मे म्हणजे काजू, लग्नसराई, जत्रा. नोव्हेंबरात भाताची सुगी आणि उसाची धांदल. म्हणजे तयारीचे नेमके शेवटचे दोन महिने घरात हात कमी पडतात, आणि तो कमी पडलेला हात मुलीचाच धरला जातो. पंचांग बघून आपण सगळं ठरवतो. तसं वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा, कुठल्या सत्राला बसवायचं आणि त्या दोन महिन्यांत तिचं काम घरात कोण करणार. 'कोण' म्हणताना फक्त आजीकडे बघू नका. मोठा भाऊ आहे, वडील आहेत.

एक गोष्ट पुरुषांपुढे बोलायची नसते म्हणतात. मी बोलणार आहे. पाळीत मुलीला सतारीला हात लावू देत नाहीत, दसऱ्याला सरस्वती म्हणून पूजलेलं वाद्य आहे म्हणून. महिन्याचे पाच दिवस धरा, वर्षाचे साठ होतात. दोन महिने रियाज बंद! परीक्षेची तारीख त्यातच आली तर काय करणार, परीक्षकांना कळवणार? एका मुलीने मला हळूच सांगितलं, "ताई, मी त्या दिवसांत घरात सांगतच नाही." सरस्वतीसाठी चोरून रियाज करायचा, ही काय रीत झाली!

सगळ्यांत खोल भीती मात्र वेगळी आहे. एका म्हाताऱ्या आजींनी ती स्पष्ट बोलून दाखवली, "बाईनं तारेला हात लावला म्हंजे जोगतीणच म्हनत्यात." खरं आहे. या भागात बाईच्या हातात तारेचं वाद्य पिढ्यान्‌पिढ्या होतं. चौंडकं, तुणतुणं. यल्लम्माला सोडलेल्या बाया ते घेऊन दारोदार गायच्या. आपण त्यांचं गाणं ऐकलं, सूपभर धान्य घातलं आणि त्यांना माणसांत धरलं नाही. त्यांच्यासाठी 1975 साली इथे गडहिंग्लजलाच देवदासी परिषद भरली. महाराष्ट्रात बंदीचा नवा कायदा व्हायला 2005 साल उजाडलं. त्या बायांच्या बोटांत जो ताल होता त्याला कुठली प्रवेशिका नव्हती की मध्यमा. आजींची भीती वाद्याची नाही, वाद्य वाजवणाऱ्या बाईला आपण काय केलं त्याची आहे. ती भीती घालवायची म्हणून त्या जोगतिणींना नावं ठेवू नका. आमची मुलगी तसली नाही, असं म्हणून मुलीला मोठं करता येत नाही.

हे परीक्षांचं प्रकरण सुरू झालं तेही गाण्याला मान मिळावा म्हणून. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आपल्याच जिल्ह्यातले, कुरुंदवाडला 1872 साली जन्मले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, अभ्यासक्रम, पुस्तकं आली. ते 1931 साली गेले आणि त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी हे मंडळ उभं केलं. परीक्षेने सगळं साधतं असं मी म्हणत नाही. नुसते अभ्यासक्रमातले राग घोकून पास होणाऱ्या मुली असतात आणि तेवढ्यावर कुणी वादक होत नाही. तरी प्रमाणपत्रावर मुलीचं स्वतःचं नाव असतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचं नाव लागायला किती खेटे घालावे लागतात ते तुम्हीच सांगा. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून काही वडील तयार झाले. होऊ देत. गुणांच्या निमित्ताने दार उघडलं, पण दहावी झाली की सतार कपाटावर चढवू नका.

अन्नपूर्णा देवींचं नाव बाईंकडून ऐकलं असेल. सूरबहारच्या मोठ्या कलावंत, मुंबईत 2018 साली गेल्या. त्यांच्या वडिलांनी, उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी, आधी त्यांना शिकवायचं नाही असं ठरवलं होतं. कारण थोरल्या मुलीला शिकवलं आणि सासरी तिचा तानपुरा जाळला, असं सांगतात. एवढ्या मोठ्या घराण्यातली ही कथा. दुसरीकडे एन. राजम यांच्याकडे बघा. व्हायोलिन त्यांच्याकडून मुलीकडे आणि मुलीकडून नातींकडे गेलं. फरक बोटांत नाही, घरात आहे.

सात परीक्षा, वर्षाला एक धरली तरी सात वर्षं. अकराव्या वर्षी सुरू केलेली मुलगी विशारद होईल तेव्हा अठराची असेल. आणि मध्यमेपर्यंत आली की 'स्थळ आलंय' सुरू होतं. कायदा अठरा सांगतो, तो निदान पाळा, आणि पाहायला आलेल्यांना सांगा की सतार तिच्याबरोबर येणार. सतार कुणाच्या नावाने घेतली हेही म्हणून बघावं लागतं. मिरजेहून सतार आणायची म्हटल्यावर एका घरात मोटारसायकलच्या हप्त्यासारखी बैठक बसली. मिरजेच्या सतारीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा आपल्याला अभिमान, पण मुलीसाठी घ्यायची म्हणजे "उद्या ती जानार, मग ह्याचं काय करायचं?" अहो, ती जाईल तेव्हा ते तिच्याबरोबर जाईल. भांडी देताच की.

ज्यांना वाद्य परवडत नाही त्यांच्यासाठी वर्गाच्या दोन सतारी आणि एक व्हायोलिन आहे. ती इथल्या खोलीत कुलपात राहतात, कारण एवढी लांब सतार एस.टी.च्या गर्दीत रोज नेता येत नाही. खोली संध्याकाळी सहा ते आठ उघडी हवी. किल्ली दोघींकडे हवी, म्हणजे एकीच्या घरी कार्य निघालं तरी रियाज चुकणार नाही. आणि मुलींना अंधारात घरी सोडायला रोज एक माणूस लागेल, पाळीपाळीने. दादांनो, म्हणूनच तुम्हाला आत बोलावलं. वही फिरवते आहे, चहा यायच्या आत वार आणि नावं लिहून द्या.