दोर धरणारा दुसरा हात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नागपुरात बसून शिडाच्या होडीवरच्या विंचबद्दल बोलायचं म्हणजे काहींना हसू येईल. इथून मुंबई रेल्वेनं आठशे किलोमीटरच्या पुढे. आपलं पाणी म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा. पण माझी उमेदीची वर्षं नौदलाच्या वर्कशॉपमध्ये गेली, आणि निवृत्त होऊन इथं आल्यावरही ओळखीच्या लोकांच्या जुन्या होड्यांचे विंच अधूनमधून पार्सलनं माझ्याकडे येतात. हमाल विचारतो, ‘काका, मोटारीचा पार्ट आहे का?’ मी हो म्हणतो. कोण समजावत बसणार!

तर विंच म्हणजे काय? शिडात वारा भरला की त्याचा दोर माणसाच्या हातात राहत नाही. मोठ्या होडीवर ही ओढ टनाच्या घरात जाते. म्हणून तो दोर एका उभ्या ड्रमवर तीन-चार वेढे देऊन गुंडाळायचा आणि वरून हँडल फिरवायचं. आत दातेरी चक्रं असतात. चांगल्या विंचला दोन वेग असतात. हँडल उलट फिरवलं की जोर वाढतो आणि वेग कमी होतो. विंचवर चाळीसचा आकडा असेल तर, घर्षणात जातं ते सोडून, तुमच्या एका किलोच्या जोराचे चाळीस किलो होतात.

पण यात एक अडचण आहे. ड्रमवरून सुटणारं दोराचं मोकळं टोक कोणीतरी ताणून धरावं लागतं, नाहीतर वेढे सरकतात. म्हणजे एकानं हँडल मारायचं, दुसऱ्यानं दोर धरायचा. 1970 च्या दशकात यावर उपाय रुळला. ड्रमच्या माथ्यावर आतून खाचा असलेल्या दोन चकत्या बसवल्या. दोर त्यांच्यामध्ये चावला जातो, अर्धा-पाऊण फेरा फिरतो आणि एका छोट्या पोलादी जिभेवरून बाहेर पडतो. हाच सेल्फ-टेलिंग विंच. दुसऱ्या माणसाची गरज संपली.

ही गरज संपणं किती मोलाचं, हे आपल्याच लोकांच्या सफरींवरून कळतं. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत 56 फुटांची ‘म्हादेई’ तयार झाली. ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात कमांडर दिलीप दोंदे यांनी ती एकट्यानं पृथ्वीभोवती नेली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच होडीतून 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी कुठल्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. पुढे त्याच गोदीतल्या ‘तारिणी’वर 2017-18 मध्ये सहा महिला अधिकारी होत्या. 2024-25 मध्ये तीच, सात वर्षांनी जुनी झालेली होडी दोघींनी नेली, दिलना के. आणि रूपा ए. यांनी. दोघी म्हणजे व्यवहारात एकच. एक झोपली की डेकवर दुसरी एकटी. अशा वेळी दोर धरायला जो कोणी असतो, तो म्हणजे विंचचा जबडा.

आणि झिजतो तोही हाच जबडा, आणि त्याच्या खालचा ड्रम. ड्रमचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. वर्षानुवर्षं मिठाच्या कणांसह दोर घासला की तो गुळगुळीत होतो, चकाकतो. मालकाला वाटतं, वा, काय चमकतोय!

ही चमक किती महाग पडते, त्याचा हिशेब ऐका. बैलाचा कासरा खुंट्याला दोन वेढे देऊन धरला तर शाळकरी पोरगंही बैल आवरतं, हे खेड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. यामागचं गणित अठराव्या शतकात ऑयलरनं मांडलं. घर्षणाचा अंक 0.2 असेल तर प्रत्येक वेढ्याला पकड साडेतीन पट होते. चार वेढ्यांत सुमारे दीडशे पट. तोच अंक झिजून 0.1 वर आला, तर चार वेढ्यांत पकड जेमतेम बारा पट. घर्षण निम्मं झालं आणि पकड बारा-तेरा पटीनं गेली! सहाशे किलोची ओढ असेल तर आधी टोकाला चार किलोचा ताण पुरत होता. आता पन्नास किलो हवा. जबडा तो देऊ शकत नाही. दोर सटकतो, आणि दोष जबड्याला मिळतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी दोर मोजायचा. जुना दोर ताणून बारीक आणि कडक होतो, आणि जबडा ठरावीक जाडीसाठीच बनवलेला असतो. दहा ते बारा मिलिमीटरच्या जबड्यात साडेनऊचा झालेला दोर घसरणारच. नवा बारा मिलिमीटरचा दोर घातला की निम्म्या तक्रारी मिटतात. मात्र तो होडीवरच्या कप्प्यांतूनही गेला पाहिजे, हे विसरतात.

मग विंच उघडायचा. ड्रम उचलण्याआधी खोक्याच्या तळाला भोक पाडून ते विंचभोवती बसवायचं. ड्रमला चिकटून बेअरिंगची रिंग वर येते आणि टुणकन उडते. खोकं नसेल तर ती थेट समुद्रात. सगळे भाग रॉकेलमध्ये जुन्या टूथब्रशनं धुवायचे. चक्रांना ग्रीस लावायचं तेही पातळ. आपल्याकडे ग्रीस म्हणजे थापायचीच वस्तू अशी समजूत आहे. इथं जास्तीचं ग्रीस मीठ धरून ठेवतं.

सर्वांत महत्त्वाचे भाग बोटाच्या पेराएवढे. सायकलवाले फ्रीव्हीलमधल्या ज्या अडकणींना ‘कुत्रे’ म्हणतात, तसेच कुत्रे विंचमध्ये असतात, मागे नाजूक स्प्रिंग असते. ड्रम फिरताना येणारा कटकट आवाज त्यांचाच. ड्रम एकाच दिशेनं फिरावा ही त्यांची जबाबदारी. त्यांना ग्रीस कधीच लावू नये. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. ग्रीस घट्ट झालं तर कुत्रा आतच चिकटून बसतो, दाता सुटतो, आणि भार आलेलं हँडल उलट गरकन फिरतं. त्यात मनगट मोडतं. सायकलचे कुत्रे गेले तर माणूस घरी चालत येतो. भर समुद्रात एकट्याचा हात मोडला तर कुठं जाणार? स्प्रिंग अगदी स्वस्त असते, म्हणून दर वेळी नवीनच घालावी. कुत्र्याचा कोपरा गोल झाला असेल तर तोही टाकून द्यावा.

सुटे भाग मिळणं ही जुन्या विंचची खरी कटकट. बॅरिएंट या अमेरिकी कंपनीचे विंच आजही जुन्या होड्यांवर दिसतात, कंपनी मात्र केव्हाच बंद झाली. हिंगण्याचा चांगला लेथवाला ब्रॉन्झचा बुश हुबेहूब करून देतो. कुत्रे मात्र साध्या लोखंडात कापून घेऊ नयेत. ते कडक केलेल्या, न गंजणाऱ्या धातूचेच हवेत. गुळगुळीत ब्रॉन्झच्या ड्रमला वाळूचा मारा करून पुन्हा खरखरीत आणता येतं, पण प्रत्येक वेळी धातू थोडा कमी होतो. अॅल्युमिनियमच्या ड्रमवर मी ते करत नाही. वरचा थर निघाला की खारं पाणी तो पोखरतं. असा ड्रम बदलावा. आणि बदली मिळत नसेल तर तो विंच मुख्य शिडावरून काढून एखाद्या हलक्या दोराला लावावा.